कोयत्यातला दोष कुणाच्या नावावर?

मराठी वर्तमानपत्रात कोयता हल्ली दोन ठिकाणी भेटतो. एक पुण्याच्या पानावर, 'कोयता गँग' म्हणून. 2023 च्या सुरुवातीला तर कोयता विकणाऱ्या दुकानदारांनी गिऱ्हाइकाचं आधारकार्ड बघावं, नोंद ठेवावी, असं पुण्यात सांगितलं गेलं. दुसरा कोयता हंगामाच्या बातमीत असतो: अमुक कारखान्याला यंदा इतके कोयते कमी पडले. या दुसऱ्या बातमीतला कोयता लोखंडाचा नसतो. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी, कुठल्याही तालुक्यात विचारा, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, टोळी मोजतो ती कोयत्यांवर.

माणसाला हत्याराचं नाव दिलं की मालकाचे पुढचे हिशेब सोपे होतात. हत्यार बिघडलं तर दुरुस्त करून वापरायचं, दुरुस्त होत नसेल तर टाकून दुसरं आणायचं. म्हणून हा लेख खऱ्या कोयत्यापासून सुरू करतो. तो कोण घडवतं, त्यात दोष कसे राहतात, ते कोण काढतं आणि काढले नाहीत तर कुणाचा हात त्याची किंमत देतो, हा इतिहास आपल्या चळवळीत फारसा कुणी लिहिलेला नाही. आपण व्यवस्थेवर बोलतो, पण व्यवस्था ज्या लोखंडातून हाताला लागते त्यावर बोलत नाही.

आपल्याकडचा चांगला कोयता अजूनही बऱ्याचदा ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्यापासून घडवतात. पाटा भट्टीत लाल करायचा, ऐरणीवर धरायचा आणि घणाने ताणायचा. घिसाडी किंवा गाडी लोहारांच्या पालावर हे काम ज्याने पाहिलंय त्याला माहीत आहे की सांडशीत लोखंड धरून बसलेला बहुतेक पुरुष असतो आणि उभं राहून घण घालणारी बहुतेक बाई. म्हणजे उसाच्या फडात जी बाई कोयता चालवते तिच्या आधी दुसऱ्या एका बाईने त्या लोखंडावर शेकडो घाव घातलेले असतात. दोघींची नावं कुठल्याच वहीत नाहीत.

आकार आला की 'पाणी देणं' येतं, आणि कोयत्याचं बरंवाईट इथे ठरतं. पातं तापवून फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवतात. धार एकदम थंड होऊन कडक होते, पाठ गरमच राहते. मग पात बाहेर काढून घासून चकचकीत केली की पाठीची ऊब हळूहळू धारेकडे सरकताना दिसते. लोखंडावर आधी फिकट पिवळा, मग तांबूस, मग जांभळा-निळा रंग चढतो. कुठल्या रंगावर पुन्हा पाण्यात घालायचं हे कारागिराच्या डोळ्यावर असतं. लवकर घातलं तर धार काचेसारखी ठिसूळ राहते, उसाच्या पेऱ्यावर किंवा बुडाच्या दगडावर आपटली की खांडे पडतात. उशीर झाला तर धार मऊ पडते, तासाभरात मुडपते. मापक यंत्र नाही, थर्मामीटर नाही. बाजाराच्या दिवशी पन्नास नग संपवायचे असतील तर पन्नासच्या पन्नास सारखे होत नाहीत. हाताच्या कामात हे होणारच, यात कारागिराचा अपमान करण्यासारखं काही नाही.

दोष किती प्रकारचे असतात ते तोडणीवाल्यांना तोंडपाठ असतं. पातं जरा एका बाजूला कललेलं असेल तर ते चालतं. महिनाभरात मनगट त्या बाकाला सरावतं आणि दुसऱ्याने तोच कोयता हातात घेतला तर त्याला तो वेडावाकडा वाटतो. धार मुडपली तर कानस मारून सरळ करता येते. खांडे बारीक असतील तर घासून निघतात. धारच मऊ असेल तर भट्टीवर नेऊन पुन्हा पाणी द्यावं लागतं, तेही होतं. मूठ सैल झाली तर पाचर ठोकायची, शेंबी घट्ट करायची. कोयता घेताना पात्यावर टिचकी मारून आवाज ऐकतात. निकोप पातं खणखणतं, तडा असेल तर आवाज बद्द येतो.

तडा मात्र वेगळी गोष्ट आहे. घडवताना लोखंड थंड झालं तरी घण पडत राहिला, किंवा पातं आणि मुठीत जाणारं टोक जिथे मिळतं तिथे कोपरा फार तीक्ष्ण राहिला, तर त्या गळ्यात केसासारखी चीर पडते. वरून खपली असते म्हणून ती दिसत नाही. प्रत्येक घावागणिक ती आत सरकते. गॅरेजवर नेऊन वेल्डिंग मारून आणणारे असतात, पण वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या लोखंडाला दिलेलं पाणी उतरतं किंवा ते ठिसूळ होतं, आणि कोयता जोडाच्या शेजारी पुन्हा तुटतो. तुटतो तेव्हा पातं उडतं. फडात ओळीने माणसं वाकलेली असतात, मागे पाचटावर पोरं बसलेली असतात. म्हणून जुनी माणसं गळ्यात तडा गेलेला कोयता दुरुस्तीला नेत नाहीत, मोडीत घालतात.

हा फरक, कुठला दोष सोसायचा आणि कुठला नाही, मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याकडे पुन्हा येतो. आधी दुरुस्तीचा इतिहास.

बलुत्याच्या व्यवस्थेत लोहार गावचा कारू होता. कुळवाड्याचे फाळ, पास, विळे, खुरपी, कुऱ्हाडी त्याने वर्षभर पाजवून द्यायच्या आणि सुगीला खळ्यावर आपला वाटा घ्यायचा. म्हणजे प्रत्येक दुरुस्तीचे वेगळे पैसे नव्हते. अवजारात दोष निघाला तर तो काढण्याची जबाबदारी घडवणाऱ्यावर वर्षभर राहायची. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गाव-गाडा' या 1915 च्या पुस्तकात या देण्याघेण्याचं वर्णन आहे आणि गावाचं कौतुक करणारे आपले बरेच विद्वान त्याचा आधार घेऊन म्हणतात की बघा, किती सुंदर परस्परावलंबन होतं. 

सुंदर कुणासाठी? लोहाराचा करार जमीन कसणाऱ्याशी होता. ज्याची जमीन नाही, त्याचं खळं नाही. ज्याचं खळं नाही, त्याच्या हातातल्या अवजाराच्या दोषाची जबाबदारी कुणावरच नाही. बलुतेदारांच्या ओळी लावताना बऱ्याच ठिकाणी सुतार, लोहार आणि महार हे एकाच थोरल्या ओळीत धरलेले दिसतात. कामाच्या गरजेप्रमाणे ओळ एक, पण राहायची जागा एक नाही. लोहाराचा भाता गावात, महारवाडा गावाबाहेर. बाबासाहेबांनी 1936 मध्ये 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडलं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, तीही एकावर एक रचलेली. बलुत्याची यादी हातात घेऊन ते वाक्य तपासा, उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही.

घिसाडी तर या बलुत्याच्याही बाहेरचा. गावाच्या कडेला पाल ठोकायचं, आठ-पंधरा दिवस काम करायचं, धान्य किंवा रोकड घ्यायची आणि गाडी हाकायची. आज ही जमात राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत आहे. गावातल्या माणसाला त्याचा फायदा असा की दोष निघाला तर भांडायला तो जागेवर नसतो, आणि त्याचा तोटा असा की गावात काही चोरीला गेलं तर संशय पहिला त्याच्यावर. हत्यार देणाऱ्यावर आणि हत्यार वापरणाऱ्यावर संशय घेण्याची आपली सवय जुनी आहे, पुण्याचं आधारकार्ड त्यातलंच. इथे एक आठवण करून द्यावीशी वाटते. पावा गावचा चुंद हा लोहाराचा मुलगा. तथागतांनी शेवटचं भोजन त्याच्या घरी केलं, नंतर आजार बळावला, आणि लोक चुंदाला दोष देतील हे ओळखून त्यांनीच आनंदाला सांगून ठेवलं की त्याच्या मनाला टोचणी लागू देऊ नका. दोष कुणावर ढकलला जाणार हे आधीच ओळखणं, ही करुणेची फार व्यवहारी बाजू आहे.

बीड 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, 1956 मध्ये मुंबई राज्यात आलं, 1960 मध्ये महाराष्ट्रात. तिकडे नगर जिल्ह्यात प्रवरानगरला 1950 च्या सुमारास सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढच्या वीस वर्षांत पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. पाणी तिकडे, ऊस तिकडे, आणि बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली कोरडवाहू, भूमिहीन माणसं इकडे. 1972 च्या दुष्काळानंतर ही वाट रुंद झाली. दसरा-दिवाळीला गाड्या भरायच्या आणि मार्च-एप्रिलला परत यायचं. यात वंजारी आहेत, बंजारा आहेत, मराठा आहेत, मातंग आहेत, आपले बौद्ध आहेत. जात फडावर पुसली जाते असं कुणी म्हणत असेल तर त्याने कोपी कुणाची कुठे पडते आणि पाणी कोण आधी भरतं ते एकदा बघून यावं.

या स्थलांतरात कोयत्याच्या दुरुस्तीचं काय झालं? बलुतं गेलं हे चांगलंच झालं, त्याबद्दल माझ्या मनात काडीची हळहळ नाही. पण बलुत्याबरोबर दोषाची जबाबदारी घेणारा माणूसही गेला आणि त्याच्या जागी कुणीच आलं नाही. कोयता तोडणीवाल्याने आपल्या पैशाने घ्यायचा, कानस आपली, मूठ आपली, धार लावायचा वेळ आपला. मजुरी टनावर आहे, त्यामुळे मुडपलेल्या धारेने जेवढा ऊस कमी तुटला तेवढी मजुरी कमी. कोयता तुटून हात कापला तर तो दिवस खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून वळते होतात. दिवसाला 500 रुपये, कुठे त्याहून जास्त. कारखाना म्हणतो, हे कामगार आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत. मुकादम म्हणतो, मी मध्यस्थ. लोहार पुढच्या बाजाराला निघून गेलेला. म्हणजे भट्टीवर कुणाच्या तरी घाईने राहिलेला दोष फिरत फिरत शेवटी सगळ्यात खाली वाकलेल्या माणसाच्या नावावर चढतो.

आता दुसऱ्या कोयत्याकडे येऊ, हाडामांसाच्या.

बाई फडात ऊस तोडते, पाचट सोलते, मोळी बांधते, डोक्यावर उचलून ट्रकमध्ये चढवते. पहाटे उठून भाकरी तीच करते. पाळीत सुट्टी नाही, संडास नाही, पाणी नाही. अंगावर जाणं, ओटीपोट दुखणं, संसर्ग, हे या कामातून आलेले दोष. त्यांची दुरुस्ती कशी झाली? 2019 मध्ये बातम्या आल्या, गदारोळ झाला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. साधारण दर सहा बायकांमागे एक. त्यातल्या कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या. खासगी दवाखान्यात कॅन्सरची भीती घालायची, पिशवी काढून टाका म्हणायचं, त्यासाठी पुन्हा मुकादमाकडून उचल. पुढच्या हंगामाला कोयता तयार.

याला दुरुस्ती म्हणायचं तर कुणाच्या दृष्टीने? हत्याराच्या मालकाच्या दृष्टीने. बिघडणारा भाग काढून टाकला, खाडा वाचला. बाईच्या दृष्टीने कंबरदुखी, हाडांची झीज आणि वाढलेली उचल एवढंच हातात आलं. नंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक केली. ते बरंच झालं. पण ज्या कामातून दुखणं येतं त्या कामाच्या अटींना परवानगीची गरज अजून लागलेली नाही.

1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर चर्चा होती. बाबासाहेब तिथे उभे राहून म्हणत होते की प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, आणि ज्या मालकाला बाईच्या श्रमाचा फायदा होतो त्याने त्याचा काही भार उचलला पाहिजे. 1929 मध्ये कायदा झाला, गिरणी-कारखान्यातल्या बायकांसाठी. जवळजवळ शंभर वर्षं होत आली. कारखान्याच्या गव्हाणीत पडणारा ऊस तोडणारी बाई त्या कायद्याच्या दारातच उभी आहे, कारण ती कागदावर कारखान्याची नाही. ती कोयता आहे, आणि कोयत्याला बाळंतपण नसतं.

इथे आपल्यातल्याच काही मित्रांशी वाद आहे. सोशल मीडियावर हल्ली हाताने घडवलेल्या सुऱ्या-कोयत्यांचं फार प्रेम उफाळून आलंय. घणाच्या खुणा ठेवलेली सुरी शहरात हजारोंना विकली जाते, खडबडीतपणा हाच तिचा दागिना. काही जण म्हणतात, या दोषांतच सौंदर्य आहे, आपण बहुजनांच्या कारागिरीचा अभिमान बाळगला पाहिजे. अभिमान जरूर बाळगा. घिसाडी बाईच्या घणाला पैसे आणि नाव दोन्ही मिळत असेल तर मी पहिला टाळी वाजवीन. पण स्वयंपाकघरात कांदा कापणाऱ्याला परवडणारा दोष आणि दिवसाला टनभर ऊस तोडणाऱ्या मनगटाला पडणारा दोष एक नाही. पहिल्याला दोष सोसायचा की नाही याची निवड आहे. दुसऱ्याला निवड नाही, त्याचं कौतुक केलं की त्याच्या सोसण्याचंच कौतुक होतं. 'गरीब माणूस कसंही भागवतो' हे वाक्य ज्या कौतुकाने बोललं जातं त्याची मला चीड येते.

म्हणून तो तड्याचा फरक. बाक आलेला कोयता चालतो, गळ्यात तडा गेलेला चालत नाही, हे फडातल्या माणसाला कळतं. बाबासाहेबांच्या 1927 ते 1935 या वर्षांकडे मी याच नजरेने बघतो. महाडचं तळं, काळाराम मंदिराचा सत्याग्रह, हे सगळं टिचकी मारून आवाज ऐकणं होतं. दुरुस्त होतंय का, पाहू. आठ वर्षं पाहिलं, आणि 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात सांगून टाकलं. पुढच्या वर्षी लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाला भाषणातला काही भाग काढून हवा होता, म्हणजे वेल्डिंग मारून कोयता तोच ठेवायचा होता. बाबासाहेबांनी स्वल्पविराम बदलायलाही नकार दिला आणि परिषद रद्द झाली तेव्हा भाषण स्वतःच्या खर्चाने छापलं. मोडीत घालायला आणखी वीस वर्षं लागली, 14 ऑक्टोबर 1956 पर्यंत, कारण नुसतं टाकून भागत नाही, हातात दुसरं काहीतरी लागतं.

ऊसतोडीच्या बाबतीत ते 'दुसरं काहीतरी' काय, यावर आपला इतिहास अगदीच रिकामा नाही. 1964-65 मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह केला, लोकांनी तुरुंग भरले. बीडच्याच एकनाथ आवाडांनी मानवी हक्क अभियानातून मराठवाड्यात गायरानाचा लढा उभा केला. ज्या कुटुंबाकडे कसायला दोन-तीन एकर गायरान आलं, ते निदान मुकादमाच्या दारात जाताना मान वर ठेवून जातं, आणि कधी कधी जातही नाही. 14 एप्रिल 1990 पूर्वीची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय 1991 चा आहे. पण पुरावा लागतो, पंचनामा लागतो. आणि रब्बीत तलाठी येतो तेव्हा घराला कुलूप असतं, माणूस साताऱ्याच्या किंवा बेळगावच्या फडात असतो. कोयता माणसाला जमिनीपासून तोडतो आणि जमीन नाही म्हणून माणूस कोयता धरतो.

दरम्यान कारखानदारांनी आपला पर्याय शोधलाय. हार्वेस्टर. त्यासाठी 2023 मध्ये सरकारी अनुदान आलं, यंत्राच्या किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख रुपये, यातलं जे कमी असेल ते. यंत्राचं पातं बोथट झालं की नवीन बसवतात आणि तो खर्च देखभालीत धरतात. पात्याच्या दोषासाठी पाती बनवणाऱ्या कंपनीला जाब विचारता येतो. यंत्र बंद पडलं तर यंत्राच्या नावावर खाडा पडत नाही. मी यंत्राच्या विरोधात नाही, वाकून ऊस तोडणं हे कुणाच्या पोरांचं भविष्य असावं असं मला वाटत नाही. माझा आक्षेप एवढाच की पोलादाच्या कोयत्याला जो हिशेब मिळतो तो माणसाच्या कोयत्याला सत्तर वर्षांत मिळाला नाही. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घ्यायचंही ठरलेलं आहे. दर वाढला म्हणून दोषाची मालकी बदलत नाही.

आपल्या कार्यकर्त्यांनी येत्या हंगामात करण्यासारखी कामं साधी आहेत. उचल घेताना करार लेखी करून मागा, बाईचं नाव स्वतंत्र लिहून घ्या, अर्धा कोयता म्हणून नको. कोयता, कानस आणि हातमोजे कुणी द्यायचे ते त्यात लिहा. हात कापला किंवा बाई आजारी पडली तर खाडा लागणार नाही, हे लिहा. मुकादम सही करणार नाही, हे मलाही माहीत आहे. तरी त्याने नकार दिलेला कागद जपून ठेवा, तारीख घाला, टोळीतल्या पाच जणांच्या सह्या घ्या आणि त्याची एक प्रत साखर आयुक्तालयाला, एक जिल्हाधिकाऱ्यांना द्या. गाड्या दिवाळीनंतर भरतात, म्हणजे हे सगळं पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत, उचल वाटली जात असतानाच करावं लागेल.